मातेची साक्ष

पुत्रावर खटला चालू आहे आणि माता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी आहे. ‘त्या रात्री तो घरीच होता,’ असे ती सांगते. आणि ते असत्य आहे. या मातेचे न्यायसंस्थेने काय करावे? जर्मन दंडसंहितेच्या १५७ व्या कलमाने दिलेले उत्तर आम्हांस चिंतनीय वाटते.

जर्मनीत खोटी साक्ष हा क्षुल्लक अपराध नव्हे. शपथेविना दिलेल्या खोट्या साक्षीस तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. शपथेवर दिलेल्या साक्षीस सामान्यतः किमान एक वर्ष. तथापि स्वतःवर अथवा आप्तावर येऊ घातलेली शिक्षा टाळण्यासाठी साक्षीदार असत्य बोलला असेल, तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. साक्ष शपथेविना असल्यास पूर्णतः माफही करू शकते. आप्तांत वाग्दत्त वधूवर येतात, घटस्फोटित पती-पत्नी येतात, पोटच्या मुलासारखे सांभाळलेले मूलही येते. मित्र मात्र येत नाही, मग तो कितीही जिवाभावाचा असो!

यावर कोणी म्हणेल, तेथे जवळच्या नातलगास साक्ष नाकारण्याचा हक्क आहे आणि न्यायालय तो त्यास समजावूनही सांगते; मग मौनाचा मार्ग खुला असता असत्याला दया कशासाठी? आक्षेप तर्कशुद्ध खरा, पण मनुष्यस्वभावाला धरून नाही. या मौनावरून आरोपीविरुद्ध अनुमान काढण्यास मनाई आहे. परंतु आपण गप्प राहिलो तर पोराच्या गळ्याला फास लागेल, ही धास्ती आईच्या मनातून कोणता कायदा काढणार? म्हणूनच मौनाची मुभा असूनही खोटे बोललेल्यास ही सवलत नाकारली जात नाही. आपल्याकडे अपराध्यास आश्रय दिल्याबद्दल पती वा पत्नीस कायदा क्षमा करतो. आईबापांना ती क्षमा नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

आमची शंका निराळी आहे. मातेच्या असत्याने पुत्र सुटला आणि त्याच्या जागी एखादा निरपराध अडकला तर? जर्मन कायद्याने सवलत हा साक्षीदाराचा हक्क न मानता न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविली, ती याचसाठी असावी. खोटे बोलण्यास फूस लावणाऱ्यास तर ती मुळीच नाही. शिवाय १५८ वे कलम आणखी एक दार उघडे ठेवते: साक्षीदाराने आपले खोटे वेळीच दुरुस्त केले, तर शपथभंगाची शिक्षाही माफ होऊ शकते. त्या असत्याने दुसऱ्याची हानी होऊन गेली, की मात्र ते दार बंद होते.