पाच दहा

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात. राउंड संपला की बरीच जण दोन बोटं मानेवर टेकवून नाडी बघतात. त्या बोटांखाली उडणारी धमनीच यंत्रानं तपासून रक्तवाहिन्या किती ताठर झाल्यात ते कळतं, असं वाचलं होतं. म्हणून गेले.

पाथरीकडचा एक मुलगा मानेवर बोटं दाबून धापा टाकत होता. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढले तरच पुरे २० गुण. "पाच चाळीसच यायलंय मॅडम. पाच दहा होईना गेलंय."

हृदयाच्या दर ठोक्याला महाधमनी फुगते, मग आवळते आणि ठोक्याचा मार सोसून घेते. तिच्या भिंतीतलं लवचीक इलास्टिन झिजून कोलॅजेन वाढलं की तो मार थेट मेंदू-मूत्रपिंडांच्या नाजूक वाहिन्यांवर बसतो. ताठर नळीतून दाबाची लाट जोरात धावते. मान आणि जांघ इथं ती टिपून तिचा वेग काढतात. तिशीच्या आत तो सेकंदाला साधारण सहा मीटर असतो. दहाच्या पुढं गेला की धोका. पाच दहाचा हिशेब केला, तर हा मुलगा सेकंदाला पाच मीटरांहून थोडं जास्त पळू पाहतोय. त्यानं वेग वाढवायचा, तो आतली लाट संथ राहावी म्हणून. हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

पळताना रक्ताचा ओघ वाढतो, वाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भिंती सैलावतात. काही आठवडे नेमानं पळलं की फरक मोजता येतो. पळणं सुटलं की कमावलेलं हळूहळू ओसरतं.

आणि ते सुटतंच. "निकाल लागला की बूट खुंटीला," पोरांना पळायला शिकवणारे सर म्हणाले, "लागलेल्यांचे बी अन् राहिलेल्यांचे बी." मला याचाच त्रास होतो. पोरांचं पळणं आपण नोकरीच्या दावणीला बांधलंय. दिवसभर तीच पोरं अभ्यासिकेत खुर्चीला खिळलेली. खुल्या वर्गासाठी २८ नंतर भरतीचं दार बंद. धमन्यांना व्यायामाची खरी गरज तर त्यापुढंच.

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललं तरी चालतं, जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, असं मी त्या पाथरीकडच्या मुलाला म्हणाले. त्यानं मानेवरची बोटं काढली. "माझा बाप रोज रानात तेवढं चालतो, मॅडम. त्याची लाट मोजा की एकदा."