‘मुसाफिर’ : बालहट्ट आणि प्रौढांची शिस्त

इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘मुसाफिर’ (१९७४) या कृष्णधवल चित्रपटाचा नायक कासिम हा मलायर येथील खोडकर शाळकरी मुलगा होय. तेहरानमधील फुटबॉल सामना पाहण्याचा त्याने ध्यास घेतला आहे. चोरीबद्दल मुख्याध्यापक छड्या मारतात. परंतु निर्धार ढळत नाही. रीळ नसलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढल्याचे भासवून तो मुलांकडून पैसे घेतो. रात्रीच्या बसने तेहरान गाठून चढ्या दराने तिकीटही मिळवतो. मात्र सामन्यापूर्वीच त्याला झोप लागते. जाग येते तेव्हा मैदान रिकामे असते.

हा शेवट अपराधाची शिक्षा वाटू शकतो. तथापि दिग्दर्शक निवाडा देत नाही. कासिमला मारणारे पुष्कळ आहेत. त्याची ओढ जाणून घेणारे प्रौढ मात्र दिसत नाहीत. चित्रपटातील खरी शोकांतिका हीच होय.