उजळ शब्दांचे कूळ

मुलांनो, नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपूर लागते. अशा औद्योगिक वसाहतींतील कारागीर पोलादी सळईचे दोन प्रकार ओळखतात. तापवून लाटलेल्या सळईवर काळसर थर असतो. ती काळी सळई. तो थर काढून सळई थंड असतानाच साच्यातून ओढली, की ती गुळगुळीत व चकचकीत होते. तिला ते 'ब्राइट बार' म्हणतात. शब्द इंग्रजी खरा. परंतु त्या एका शब्दासाठी मराठीत शब्दांचे मोठे कूळच आहे.

ऊन लख्ख पडते, तलवार लखलखते, नवे नाणे चकचकीत दिसते, दिव्यांची आरास झगझगीत असते आणि मोत्याला 'पाणी' असते. रंग डोळ्यांत खुपू लागला, की तो भडक होतो. हे शब्द एकमेकांच्या जागी घालून पाहा. 'भडक नाणे' म्हटले, तर कानाला लगेच खटकेल.

आता घरातील तांब्याचे भांडे पाहा. हवेमुळे त्यावर काळपट पुट चढते. चिंचेने घासले, की चिंचेतील आम्ल ते पुट काढून टाकते आणि भांडे उजळते. ही झळाळी बाहेरून आणलेली नसते. ती मूळचीच असते. पाढ्यांचेही असेच आहे. पाठ केलेल्या पाढ्यांवर विस्मृतीचे पुट चढते. ते पुन्हा पुन्हा म्हणून आपण घासून काढतो. म्हणूनच त्या अभ्यासाला 'उजळणी' म्हणतात.

'उज्ज्वल' हा शब्द संस्कृतातील 'उत्' व 'ज्वल' यांपासून झाला. 'उत्' म्हणजे वर आणि 'ज्वल' म्हणजे जळणे. संधी होताना 'त्'चा 'ज्' होतो. म्हणून या शब्दात 'ज' दोनदा येतो. 'उज्वल' असे लिहिणे अशुद्ध होय. 'तेज' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ धार लावणे असा आहे. 'तीक्ष्ण' हा शब्दही त्याच धातूचा. तेव्हा तेजस्वी बुद्धी ही नुसती चमकत नाही. ती धारदारही असते.

कधी कधी मात्र हे शब्द उलटतात. "परीक्षेत चांगलाच उजेड पाडलास!" किंवा "छान दिवे लावलेस!" असे कोणी म्हणाले, तर ती स्तुती समजू नये. शब्द तेच, पण बोलणाऱ्याचा स्वर अर्थ फिरवितो.

या कुळातील एक शब्द फार जपून वापरला पाहिजे. लोक गोऱ्या वर्णाला 'उजळ' म्हणतात आणि सावळ्या मुलामुलींना उगीच कमी लेखतात. परंतु 'उजळ माथ्याने वावरणे' या वाक्प्रचारात कातडीच्या रंगाचा संबंधही नाही. ज्याने कोणाला फसविले नाही, ज्याला कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही, त्याचा माथा उजळ. वर्ण जन्माबरोबर मिळतो. माथा मात्र ज्याचा त्याने आपल्या वागण्याने उजळ राखावयाचा असतो.