कोंबडी खुडूक झाली, आता काय करावे?

सकाळची वेळ. सून खुराड्याचे दार उघडते. सगळ्या कोंबड्या भराभर बाहेर पडतात. तांबडी कोंबडी मात्र आतच बसून राहते. सून तिला उठवायला हात घालते. तशी कोंबडी पिसे फुलवते आणि हातावर टोच मारते.

"आत्याबाई, तांबडी आजारी पडली वाटतं. दोन दिस झालं, अंडं पण दिलं न्हाई."

"आजारी न्हाई गं ती. खुडूक झालीया."

"मग आता काय करायचं?"

"दोनच वाटा हाईत. तिच्याखाली अंडी ठेव, न्हाईतर तिला उठीव. नुसती बसू देऊ नगंस."

सासूबाईंनी चार शब्दांत सांगितले. पण सारे सार त्यात आले. त्याचाच आपण नीट विचार करू.

खुडूक म्हणजे काय?

गावठी कोंबडी एका पाळीला १० ते १५ अंडी घालते. मग ती अंडी घालणे थांबवते आणि बसून राहते. तिला अंडी उबवायची असतात. यालाच आपण कोंबडी खुडूक झाली असे म्हणतो.

हा रोग नव्हे. कोणी नजर लावली म्हणूनही हे होत नाही. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी एक बारीक ग्रंथी असते. तिच्यातून एक रस रक्तात उतरतो. तो वाढला की कोंबडीला बसावेसे वाटते आणि अंडी घालणे बंद होते. अंधारी जागा, पोटाखालची ऊब आणि खुराड्यात साठलेली अंडी यांनी हा रस आणखी वाढतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सारा उपाय हिच्यावरच आहे.

सगळ्याच कोंबड्या अशा बसत नाहीत. वनराज, गिरिराज या सुधारलेल्या जाती सहसा खुडूक होत नाहीत. त्या अंडी जास्त देतात, पण पिल्ले काढायची तर गावठी कोंबडीच लागते. तेव्हा खुडूक होणे हा कोंबडीचा दोष नाही, तो गुण आहे. मात्र तो वेळेवर कामाला लावला पाहिजे.

कशी ओळखावी?

खुडूक कोंबडी दिवसभर एकाच जागी बसते. रात्री इतर कोंबड्या दांडीवर चढतात, पण ही जागा सोडत नाही. जवळ गेले की पिसे फुलवते, घशातून 'कुडूक कुडूक' असा आवाज काढते आणि टोच मारते. दिवसातून एखादे वेळी उठते, घाईघाईने दाणापाणी घेते आणि परत जाऊन बसते. त्या वेळी मोठी, घाण वास येणारी विष्ठा टाकते. तिच्या पोटाची पिसे झडतात. उघड्या कातडीची ऊब अंड्यांना नीट लागावी, म्हणून हे होते.

अंडे घालायला बसलेली कोंबडी थोड्या वेळाने आपोआप उठते. आजारी कोंबडी मलूल असते, डोळे मिटते, हात लावला तरी चिडत नाही. खुडूक कोंबडी मात्र हात जवळ नेताच फुलून उठते. तिन्हींतला फरक हा असा आहे.

नुसती बसू दिली तर?

गावठी कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा अंड्यांवर येते. सगळी मिळून साधारण ५० ते ६० अंडी देते. आता समजा, ती रिकाम्या जागेवरच तीन-चार आठवडे बसून राहिली. तेवढे दिवस अंडे नाही आणि पिल्लूही नाही. ती खाते कमी, म्हणून वाळत जाते. अंगात उवा होतात. तिच्या जागेत दुसऱ्या कोंबड्या अंडी घालतात, तीही तिच्या उबेने बिघडतात. शिवाय तिची पुढची पाळी लांबते. वर्षाच्या तीन-चार पाळ्यांतली एक जरी बुडाली, तरी केवढे नुकसान! अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातचा असतो. पोरांची वही-पेन्सिल, घरातले मीठ-मिरची त्यातूनच येते.

म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच ठरवावे. पिल्ले हवी आहेत की अंडी?

पिल्ले हवी असतील तर

आधी कोंबडी पक्की बसली आहे ना ते पाहा. दोन दिवस तिच्याखाली साधी एक-दोन अंडी ठेवा. ती जागा सोडून भटकली नाही, तर मगच चांगली अंडी ठेवा.

अंडी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. कळपात कोंबडा असला पाहिजे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. अंडी ताजी असावीत, आठवड्याहून जुनी नकोत. उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांचीच घ्यावीत. आकाराने मध्यम घ्यावीत. तडकलेली किंवा वेडीवाकडी घेऊ नयेत. अंडी धुऊ नका. ठेवणीची अंडी गार जागी, निमुळते टोक खाली करून ठेवा.

एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. पंधरा-वीस ठेवली तर कडेची अंडी उबेबाहेर राहतात आणि सगळ्यांचेच नुकसान होते.

टोपलीत तळाला कोरडी माती किंवा राख घाला आणि वर पेंढा पसरा. राखेने उवा कमी होतात. टोपली शांत, काहीशा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. मांजर, मुंगूस, साप तिथे पोचू नये. कोंबडीला संध्याकाळी अंधार पडताना अंड्यांवर बसवावे. रात्रीची बसवली की ती सहसा उठत नाही. दाणा आणि पाणी जवळच ठेवा.

काही घरी टोपलीत कोळसा, मिरची, लोखंडाचा तुकडा ठेवतात. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत, असा त्यात हेतू असतो. पण अंडी बहुधा बिघडतात ती शिळेपणाने आणि उन्हाळ्याच्या तापाने. भर उन्हाळ्यात कोंबडी बसवू नये. थंडीचे दिवस चांगले.

सातव्या दिवशी रात्री अंडी तपासा. मोबाइलची किंवा बॅटरीची बत्ती अंड्याच्या जाड टोकाला लावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या, तर अंडे चांगले. आतून सगळे स्वच्छ दिसले, तर त्यात पिल्लू नाही. ते अंडे काढून टाका, विकू नका. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील, तर चांगली अंडी एकीखाली करता येतात. दुसरीला मग मोकळे करावे.

कोंबडी रोज एकदा उठेल. घाबरू नका. थोड्या वेळाने ती परत बसते. अंडी ती स्वतःच उलटीपालटी करते. १८ व्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नका. २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. काही एक दिवस मागेपुढे येतात. पिल्लू कवच फोडत असेल, तर ते आपण सोलू नये. बाहेर आल्यावर दिवसभर त्याला खाणे नसले तरी चालते, कारण अंड्यातला बलक त्याच्या पोटात असतो. पुढे तांदळाची बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी द्या. पाणी खोल असेल, तर पिल्ले बुडून मरतात.

पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्यावी लागते. तिचे थेंब नाकात किंवा डोळ्यात टाकतात. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात विचारा. एकवीस दिवसांचे कष्ट मानमोडी एका आठवड्यात धुऊन नेते.

पिल्ले नको असतील तर

काही जण कोंबडीच्या नाकात पीस खुपसतात. काही तिला पाण्यात बुडवतात, पाय बांधतात, उपाशी ठेवतात. हे करू नये. मुकी कोंबडी त्याने नुसती हाल सोसते. नाकात जखम होते. आधीच वाळलेली कोंबडी उपाशी ठेवली, तर अंड्यावर यायला आणखी उशीर होतो.

मघाशी सांगितले ते आठवा. अंधार, ऊब आणि अंडी यांनी तिचे बसणे वाढते. तर मग या तिन्ही गोष्टी काढून घ्या. तिला उजेड आणि गारवा द्या.

बांबूच्या कामट्यांचा किंवा जाळीचा पिंजरा घ्या. त्याच्या बुडाला फटी असाव्यात. तो चार विटांवर, सावलीत पण उजेडात ठेवा. आत पेंढा घालू नका. खालून वारा लागला की पोटाची ऊब जाते. दाणा आणि पाणी पोटभर द्या. रात्रीही तिला त्यातच ठेवा, पण मांजराच्या भयाने पिंजरा घरात घ्या. तीन-चार दिवसांनी सोडून पाहा. इतर कोंबड्यांबरोबर चरू लागली, तर काम झाले. पुन्हा जुन्या जागेवर धावली, तर आणखी दोन दिवस ठेवा.

पहिल्याच दिवशी हा उपाय केला, तर लवकर गुण येतो. आठवडा उलटल्यावर केला, तर वेळ लागतो. उठल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते.

शिवाय रोजची अंडी रोज गोळा करा. घरट्यात ढीग साठला की कोंबडी लवकर बसते.

सुनेने काय केले?

थंडीचे दिवस होते. सुनेने १० ताजी अंडी निवडली आणि दिवस मावळताना तांबडीखाली ठेवली. भिंतीवर कोळशाने एक रेघ मारली. रोज एक रेघ. एकविसाव्या रेघेला टोपलीतून 'चिव चिव' ऐकू आले.

"आत्याबाई, आठ निघाली!"

पुढे पिल्ले मोठी होत होती, तेवढ्यात काळी कोंबडी खुडूक झाली. या वेळी पिल्ले नको होती. सुनेने त्याच दिवशी तिला पिंजऱ्यात घातले. चौथ्या दिवशी काळी उकिरड्यावर माती उकरत होती.

लक्षात ठेवा

खुडूक होणे हा रोग नाही.
पहिल्या दोन दिवसांत ठरवा: बसवायची की उठवायची.
बसवायची तर १० ते १२ ताजी अंडी, शांत जागा, २१ दिवस.
उठवायची तर उजेड, गारवा, दाणापाणी, तीन-चार दिवस.
रिकाम्या जागेवर कोंबडी बसू देऊ नका.