हौशी गळ्यांचा संगीतकार

एखाद्या देशाच्या सांगीतिक वैभवाची मोजदाद करताना थोर संगीतकार, मोठे वाद्यवृंद आणि भव्य सभागृहे यांचीच गणना प्रथम होते. दिवसाचे काम आटोपून तालमीला येणाऱ्या हौशी गायकांची नोंद सहसा कोणी घेत नाही. स्वीडिश संगीतकार ह्युगो आल्वेन (१८७२-१९६०) यांचे चरित्र या उणिवेकडे लक्ष वेधते.

स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या आल्वेन यांनी तेथेच व्हायोलिनचे शिक्षण घेतले व काही काळ राजदरबारी वाद्यवृंदात वादन केले. चित्रकलेची ओढही मोठी होती; परंतु अखेर संगीताची सरशी झाली. लोकधुनांच्या धर्तीवर १९०३ साली रचलेल्या 'मिडसोमरवाका' या वाद्यवृंदरचनेने त्यांचे नाव देशाबाहेर पोहोचले. पाच सिंफनीही त्यांनी लिहिल्या.

तथापि त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग गायनवृंदांसाठी खर्ची पडला. १९१० ते १९३९ या काळात ते उप्साला विद्यापीठाचे संगीतसंचालक होते. १८५३ साली स्थापन झालेल्या 'ओर्फेई द्रेंगार' या पुरुष गायनवृंदाचे नेतृत्व त्यांनी १९१० पासून १९४७ पर्यंत केले. दालार्ना प्रांतात सिल्यान सरोवराच्या परिसरातील गायनवृंदाशी तर त्यांचा संबंध त्याहूनही दीर्घ होता.

अशा वृंदगायनात वाद्यांची साथ बहुधा नसते. पुरुषांच्या वृंदात उंच आवाजाचे दोन व खर्जाचे दोन, असे चार गट आपापली स्वरावली एकाच वेळी गातात. प्रत्येकाने आपला स्वर सांभाळावयाचा आणि शेजाऱ्याचा ऐकावयाचा, हीच येथील शिस्त. 'उती वोर हागे' हे गॉटलंड बेटावरील साधे लोकगीत. एकट्याने गुणगुणता येईल अशा या चालीला आल्वेन यांनी बहुस्वरी रूप दिले आणि ते स्वीडिश वृंदांचे आवडते गीत ठरले.

तालमींत गेलेल्या या वेळात आणखी सिंफनी झाल्या नसत्या काय, असा प्रश्न कोणी विचारील. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही त्यागलेल्या संधीची किंमत होय, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु जमेची बाजूही पाहिली पाहिजे. सिंफनीला मोठा वाद्यवृंद लागतो, म्हणजेच मोठा खर्च लागतो. लोकगीताला तयार गळे आणि नियमित तालीम पुरते. शिवाय हे भांडवल वापराने झिजत नाही. नवा गायक जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकत जातो. १९५१ ते १९९१ या काळात एरिक एरिक्सन यांच्या नेतृत्वाखाली याच 'ओर्फेई द्रेंगार'ने मोठा लौकिक मिळविला, तो अशा संचितावरच.

कलेसाठी इमारत उभारणे सोपे असते, कारण तिचे उद्घाटन करता येते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या तालमीचे उद्घाटन होत नाही, म्हणून तिच्यासाठी तरतूदही क्वचितच होते. आल्वेन यांनी ती तरतूद आपल्या वेळातून केली. त्यांच्या सिंफनी ऐकण्यासाठी श्रोत्याला सभागृहात जावे लागते. त्यांनी सजविलेली लोकगीते मात्र सामान्य माणसे स्वतःच गातात.