ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतून देऊ नका



ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की साधारण ७-८ लिटर जळकं ऑइल निघतं. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात. बांधावर, ओढ्यात ओतलं तर ते मुरत विहिरीपर्यंत जाऊ शकतं. आपल्या कर्जतसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात विहीर नासली तर दुसरं पाणी आणायचं कुठून?

१) ऑइल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून सावलीत, फरशीवर ठेवा. फवारणीच्या औषधाचा कॅन नको.
२) त्यात पाणी, डिझेल, कूलंट मिसळू नका. भेसळीचं ऑइल शुद्ध करणं अवघड जातं.
३) जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्या.
४) जनावरांच्या खरजेवर लावू नका, चाटलं की पोटात जातं. चुलीत जाळू नका.

गॅरेज आणि अवजार बँक चालवणाऱ्या सभासदांनी लक्षात ठेवा: २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार हे ऑइल अधिकृत परवानगी असलेल्यालाच द्यायचं, ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही आणि नोंद ठेवायची. घेणाऱ्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं परवानगीपत्र मागा, पावती घ्या.

घरचं थोडंच असेल तर अशा गॅरेजवर नेऊन द्या. शुद्ध केलं की त्याचंच पुन्हा नवं ऑइल बनतं.