तीन लिपींतली हिंगोली

निजामकाळातले अनेक कागद उर्दू नि मोडीत, आजचा सातबारा देवनागरीत. 2023मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधताना हिंगोलीसह मराठवाड्यात असे जुने दप्तर चाळले गेले. हे सारे एकाच डेटाबेसमध्ये भरायचे, तर यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात ‘हिंगोली’ला देवनागरीत 21 बाइट लागतात, उर्दूत 12, रोमनमध्ये 7. मोडीचे प्रत्येक चिन्ह 4 बाइटचे. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचा जुना ‘यूटीएफ8’ संच तीन बाइटांवरच थांबतो, म्हणून ‘यूटीएफ8एमबी4’ घ्यावा. खरी डोकेदुखी मात्र शोधाची. ‘पायऱ्या’तला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: डोळ्याला एकच, यंत्राला वेगळा. शिवाय गावाचे नाव वसमत की बसमत? गावाला एकच कोड द्यावा, नावे भाषेच्या रकान्यासह वेगळ्या टेबलात ठेवावीत. मग दोन्ही नावांनी गाव सापडते.